लॅपटॉपचे चार्जिंग आणि बॅटरी बदल

लॅपटॉपचे चार्जिंग म्हणजे भिंतीवरील सॉकेटमधील वीज ॲडॉप्टरमार्फत लॅपटॉपमध्ये घेऊन ती त्याच्या बॅटरीत साठवण्याची क्रिया होय. ही क्रिया थांबली किंवा मंदावली की दोष बॅटरीचाच आहे असे अनेकदा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात सॉकेट, ॲडॉप्टर, केबल, चार्जिंग जॅक, मदरबोर्डवरील नियंत्रक मंडल, संगणकप्रणाली आणि बॅटरी अशी ही एक साखळी असून तिच्या कोणत्याही दुव्यात बिघाड असू शकतो. त्यामुळे निदान बाहेरून आत, म्हणजे सहज व विनाखर्च तपासता येणाऱ्या भागांकडून अवघड व महाग भागांकडे, या क्रमाने केले जाते.

बॅटरी हा वापराबरोबर आणि वयाबरोबर झिजणारा भाग आहे. लॅपटॉपचे इतर भाग सुस्थितीत असतानाही ती काही वर्षांत क्षीण होते व केवळ ती बदलल्याने यंत्राचे आयुष्य वाढू शकते. अनेक लॅपटॉपांची बॅटरी साध्या साधनांनी घरी बदलता येते. मात्र लिथियम-आयन घट दाबला, वाकवला किंवा भोसकला गेल्यास पेट घेऊ शकतो. म्हणून कोणते काम घरी करावे आणि कोणते करू नये यातील सीमारेषा माहीत असणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या सुवाह्य संगणकांत निकेल-कॅडमियम आणि पुढे निकेल-धातू हायड्राइड प्रकारचे घट वापरले जात. सोनी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी प्रथम व्यापारी स्वरूपात बाजारात आणली. वजनाच्या मानाने अधिक ऊर्जा साठवण्याच्या क्षमतेमुळे या बॅटरीने लॅपटॉपमध्ये जुन्या प्रकारांची जागा घेतली. लिथियम-आयन बॅटरीच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, हा प्रचलित समज निकेल-कॅडमियम घटांच्या काळातील आहे. त्या घटांत वारंवार अर्धवट वापरामुळे क्षमता घटल्यासारखा परिणाम दिसून येई. लिथियम-आयन घटांना हा नियम लागू होत नाही. उलट वारंवार शून्यापर्यंत उतरवल्याने त्यांची झीज वाढते.

पूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपांत तळाशी असलेल्या खटक्या सरकवताच बॅटरी बाहेर निघत असे. २००८ साली आलेल्या मॅकबुक एअरमध्ये बॅटरी आवरणाच्या आत बसवलेली होती. यंत्र पातळ व हलके करण्याच्या ओघात इतर निर्मात्यांनीही हीच रचना स्वीकारली. परिणामी बॅटरी बदलण्यासाठी तळाचे झाकण उघडणे आता बहुतेक वेळा अपरिहार्य असते.

चार्जिंगची साखळी

ॲडॉप्टर

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ प्रत्यावर्ती प्रवाहाचा आहे. ॲडॉप्टर त्याचे रूपांतर कमी दाबाच्या एकदिश प्रवाहात करतो. गोल पिनेच्या ॲडॉप्टरांत हा दाब सामान्यतः १९ ते २० व्होल्ट असतो. बहुतेक ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब स्वीकारतात, त्यामुळे दाबातील नेहमीच्या चढउतारांसाठी वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. ॲडॉप्टरची शक्ती वॅटमध्ये मोजतात. उदाहरणार्थ, १९.५ व्होल्ट व ३.३४ अँपिअर देणारा ॲडॉप्टर सुमारे ६५ वॅटचा असतो.

ॲडॉप्टर जोडलेला असताना त्याची वीज प्रथम संगणक चालवण्यासाठी वापरली जाते व उरलेली बॅटरीत जाते. म्हणून ६५ वॅटची गरज असलेल्या यंत्राला ४५ वॅटचा ॲडॉप्टर लावल्यास चार्जिंग अतिशय मंद होते. खेळ किंवा चित्रफीत संपादनासारखे जड काम चालू असल्यास ॲडॉप्टर जोडलेला असूनही बॅटरी उतरत जाऊ शकते.

यूएसबी टाइप-सी

नव्या लॅपटॉपांपैकी अनेक यूएसबी टाइप-सी पोर्टमधून, पॉवर डिलिव्हरी या मानकानुसार चार्ज होतात. यात ॲडॉप्टर आणि लॅपटॉप यांच्यात आधी संदेशांची देवाणघेवाण होते आणि ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट यांपैकी योग्य दाब ठरतो. या मानकाची मर्यादा दीर्घकाळ १०० वॅट होती. २०२१ साली आलेल्या आवृत्तीने ती २४० वॅटपर्यंत वाढवली. येथे केबलही महत्त्वाची ठरते. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट वाहून नेते. त्याहून अधिक शक्तीसाठी ओळख-चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. म्हणून ॲडॉप्टर १०० वॅटचा असूनही केबल साधी असल्यास लॅपटॉपला पूर्ण शक्ती मिळत नाही.

बॅटरी

लॅपटॉपच्या बॅटरीत अनेक घट एकमेकांना जोडलेले असतात. सर्वसाधारण लिथियम-आयन घटाचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट व पूर्ण चार्ज झाल्यावरचा दाब ४.२ व्होल्ट असतो. काही नव्या घटांत तो थोडा अधिक असतो. जुन्या, जाड बॅटऱ्यांत १८६५० या नावाने ओळखले जाणारे, १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर लांबीचे दंडगोल घट आढळतात. पातळ यंत्रांत चपटे, पाकिटासारखे घट असतात. चपट्या घटांना कठीण धातूचे कवच नसल्याने ते सहज दुखावतात.

बॅटरीची साठवण वॅट-तासांत मोजतात. दाब आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकाराने ती मिळते. ११.४ व्होल्ट आणि ४.२१ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ४८ वॅट-तासांची असते.

प्रत्येक बॅटरीत घटांबरोबर एक लहान संरक्षक मंडल असते. घटांचा दाब, तापमान आणि आत-बाहेर गेलेला प्रवाह यांची नोंद ते ठेवते, लॅपटॉपला ती माहिती पुरवते आणि मर्यादा ओलांडल्यास जोडणी तोडते. चार्जिंग दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात प्रवाह स्थिर ठेवून दाब वाढू दिला जातो. कमाल दाब गाठल्यावर तो स्थिर ठेवला जातो व प्रवाह हळूहळू कमी होतो. शेवटचा भाग भरण्यास अधिक वेळ लागतो तो यामुळे. तो बिघाड नव्हे.

बिघाडाचे निदान

१. बिघाड नसलेली स्थिती ओळखणे

‘जोडलेले आहे, चार्ज होत नाही’ अशी सूचना दिसली तरी अनेकदा काहीही बिघडलेले नसते. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून अनेक निर्माते चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय देतात. ही सोय चालू असल्यास आकडा तेथेच थांबतो. निर्मात्याच्या उपयोजनात किंवा बायॉसमध्ये ती बंद केल्यावर चार्जिंग पुढे सरकते. बॅटरी ९५ टक्क्यांच्या वर असताना पुन्हा चार्जिंग सुरू न होणे हेही काही यंत्रांत सामान्य आहे.

तापमान हे दुसरे कारण आहे. लिथियम-आयन घट साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या दरम्यान चार्ज करण्यासाठी बनवलेले असतात. घट त्याहून तापल्यास संरक्षक मंडल चार्जिंग रोखते. विदर्भात उन्हाळ्यात हवेचे तापमानच ४५ अंशांच्या घरात जाते. अशा वेळी गादीवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपचे चार्जिंग दुपारी थांबणे आणि रात्री सुरळीत होणे शक्य असते. यंत्र बंद करून, कठीण पृष्ठभागावर व हवेशीर जागी अर्धा तास ठेवल्यावर चार्जिंग सुरू झाले, तर कारण उष्णतेत शोधावे लागते. पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ हे त्यामागचे नेहमीचे कारण आहे.

२. सॉकेट आणि अर्थिंग

त्याच सॉकेटमध्ये दिवा किंवा अन्य उपकरण लावून वीज येत असल्याची खात्री केली जाते. एक्स्टेंशन बोर्ड वगळून ॲडॉप्टर थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये लावल्यास बोर्डाचा दोष वेगळा काढता येतो. सैल सॉकेटमध्ये ठिणगी पडत असेल किंवा ॲडॉप्टरची पिन काळवंडली असेल तर त्या सॉकेटचा वापर थांबवून ते बदलून घेणे आवश्यक असते.

चार्जिंगच्या वेळी लॅपटॉपच्या धातूच्या आवरणाला हात लावल्यास मुंग्या आल्यासारखे जाणवण्याची तक्रार आढळते. ॲडॉप्टरमधील संधारित्रांतून झिरपणाऱ्या अत्यल्प प्रवाहामुळे असे होते आणि अर्थिंग नसलेल्या जोडणीत ते अधिक जाणवते. तीन पिनांचा ॲडॉप्टर योग्य अर्थिंग असलेल्या सॉकेटला जोडल्यास ही जाणीव सहसा नाहीशी होते. तिसरी पिन कापून टाकणे किंवा तीन पिनांचा ॲडॉप्टर दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणे धोक्याचे आहे. झटका तीव्र असेल तर ॲडॉप्टर किंवा घराची वायरिंग सदोष असू शकते. अशा वेळी उपकरण वापरू नये.

३. ॲडॉप्टर आणि केबल

केबल सर्वाधिक वाकते ती दोन ठिकाणी: ॲडॉप्टरच्या पेटीजवळ आणि लॅपटॉपकडच्या पिनेजवळ. आतली तार येथेच तुटते. केबल विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्जिंग सुरू होत असेल, तर केबल तुटलेली किंवा जॅक सैल झालेला असतो. त्याच मॉडेलचा दुसरा ॲडॉप्टर लावून पाहणे ही यातील सर्वांत विश्वासार्ह चाचणी आहे. दुसऱ्या ॲडॉप्टरने चार्जिंग सुरळीत झाले तर लॅपटॉप उघडण्याची गरजच उरत नाही.

गोल पिनेचा ॲडॉप्टर मल्टिमीटरने तपासता येतो. मीटर एकदिश दाबाच्या, २० व्होल्टहून मोठ्या पल्ल्यावर ठेवून पिनेच्या आतील व बाहेरील भागांमधील दाब मोजतात. तो ॲडॉप्टरवर छापलेल्या आकड्याच्या जवळपास व स्थिर असावा. मात्र दाब बरोबर आला म्हणजे ॲडॉप्टर निर्दोष असतोच असे नाही. भार आल्यावर काही ॲडॉप्टरांचा दाब कोसळतो. काही निर्मात्यांच्या गोल जॅकमध्ये मधोमध एक बारीक ओळख-पिन असते. ती वाकल्यास लॅपटॉप ॲडॉप्टरवर चालतो, पण ॲडॉप्टर ओळखता न आल्याने बॅटरी चार्ज करत नाही.

यूएसबी टाइप-सी ॲडॉप्टरला हीच चाचणी लागू पडत नाही. समोर उपकरण असल्याचे ओळखल्याशिवाय तो वीज सोडत नाही. त्यामुळे मोकळ्या केबलवर शून्य व्होल्ट दिसणे हे बिघाडाचे लक्षण नव्हे. यासाठी केबल आणि लॅपटॉप यांच्या मध्ये जोडायचे यूएसबी मापक मिळतात.

बदली ॲडॉप्टर निवडताना व्होल्टचा आकडा मूळ ॲडॉप्टरइतकाच, अँपिअरचा आकडा मूळ इतका किंवा अधिक, आणि पिनेचा आकार व ध्रुवता सारखी असावी लागते. अँपिअर अधिक असल्याने लॅपटॉपला इजा होत नाही, कारण लॅपटॉप गरजेपुरताच प्रवाह घेतो. व्होल्ट अधिक असल्यास मात्र मदरबोर्ड जळू शकतो.

४. जॅक आणि पोर्ट

टाइप-सी पोर्टमध्ये पिशवीतील धागे व धूळ दाबून बसतात आणि पिन पूर्ण आत जात नाही. यंत्र बंद करून, ॲडॉप्टर काढून, लाकडी दातकोरणीने हा कचरा हलक्या हाताने काढता येतो. सुई किंवा टाचणी वापरल्यास आतील संपर्क वाकण्याचा व लघुमंडल होण्याचा धोका असतो. लॅपटॉपला एकाहून अधिक टाइप-सी पोर्ट असल्यास प्रत्येकात ॲडॉप्टर लावून पाहावा लागतो, कारण काही यंत्रांत सर्वच पोर्ट चार्जिंगसाठी नसतात.

गोल जॅक हलत असेल तर त्याचा डाख सुटलेला असू शकतो. काही लॅपटॉपांत जॅक छोट्या वायरीने मदरबोर्डला जोडलेला असतो व तो सहज बदलता येतो. तो थेट मदरबोर्डवर डाखलेला असल्यास हे काम अनुभवी तंत्रज्ञाकडे सोपवले जाते.

५. नियंत्रक पूर्वस्थितीत आणणे

लॅपटॉपमध्ये चार्जिंग, कळफलक व पंखा यांवर देखरेख करणारा एक स्वतंत्र नियंत्रक असतो. कधी कधी तो चुकीच्या अवस्थेत अडकतो. काढता येणारी बॅटरी असल्यास ती व ॲडॉप्टर दोन्ही काढून चालू-बंद कळ १५ ते ३० सेकंद दाबून धरतात. त्यानंतर केवळ ॲडॉप्टर जोडून यंत्र चालू करतात व शेवटी बॅटरी बसवतात. अंतर्गत बॅटरीच्या काही यंत्रांत तळाशी यासाठी टाचणीएवढे छिद्र असते. या कृतीने साठवलेली माहिती पुसली जात नाही, परंतु न जतन केलेले काम जाते. निर्मात्याने बायॉसची नवी आवृत्ती दिली असल्यास तीही चार्जिंगचे दोष दूर करू शकते.

६. बॅटरीची प्रकृती

यानंतरच संशय बॅटरीवर येतो. विंडोजमध्ये आज्ञापटलावर ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा बॅटरी-अहवालाच्या पर्यायासह दिल्यास एक सविस्तर अहवाल तयार होतो. मॅकमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मधील ‘पॉवर’ या विभागात चार्ज-चक्रांची संख्या व बॅटरीची स्थिती दिसते. लिनक्समध्ये ‘अपॉवर’ ही आज्ञा उपयोगी पडते.

अहवालातील दोन आकडे महत्त्वाचे असतात: मूळ रचनेनुसार असलेली क्षमता आणि सध्या पूर्ण चार्ज झाल्यावर मिळणारी क्षमता. मूळ क्षमता ५०,००० मिलिवॅट-तास व सध्याची ३१,००० मिलिवॅट-तास असेल, तर बॅटरीत ६२ टक्के क्षमता शिल्लक आहे असा अर्थ होतो. तिसरा आकडा चार्ज-चक्रांचा. एकूण १०० टक्के वापर म्हणजे एक चक्र. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के वापरल्यास मिळून एकच चक्र मोजले जाते. साधारण लॅपटॉप बॅटऱ्या ३०० ते ५०० चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांवर येतात; काही अधिक टिकाऊ बॅटऱ्या १,००० चक्रांसाठी बनवलेल्या असतात.

क्षमता ५० ते ६० टक्क्यांच्या खाली जाणे, आकडा ३० किंवा ४० टक्क्यांवरून एकदम शून्यावर येऊन यंत्र बंद पडणे, ॲडॉप्टर काढताच यंत्र बंद होणे किंवा बॅटरी अजिबात न ओळखली जाणे ही बॅटरी बदलण्याची लक्षणे मानली जातात. दीर्घकाळ न वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी इतकी उतरते की संरक्षक मंडल तिला कायमचे कुलूप लावते. असे कुलूप बाहेरून वीज देऊन उघडण्याचा प्रयत्न करू नये. अतिउतरलेल्या घटात तांब्याचे कण विरघळून पुन्हा साचतात व आतल्या आत लघुमंडल होऊ शकते.

दर वेळी चालू करताना तारीख व वेळ चुकत असेल, तर तो दोष मुख्य बॅटरीचा नसून अनेक मदरबोर्डांवर असणाऱ्या नाण्याच्या आकाराच्या ३ व्होल्टच्या घटाचा असतो.

७. मदरबोर्ड

ॲडॉप्टर, जॅक आणि नवी बॅटरी हे सर्व निर्दोष असूनही चार्जिंग होत नसेल, तर मदरबोर्डवरील चार्जिंग नियंत्रक चिप किंवा तिच्याभोवतीचे ट्रान्झिस्टर निकामी झालेले असू शकतात. ही दुरुस्ती घरी होत नाही. पूर्ण मदरबोर्ड न बदलता केवळ सदोष सुटा भाग बदलणे अनेकदा शक्य असल्याने, अशा वेळी सुट्या भागांची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाचे मत घेतले जाते.

फुगलेली बॅटरी

जुन्या किंवा सदोष घटातील विद्युत-विच्छेद्य विघटित होऊन वायू निर्माण होतो व घट फुगतो. टचपॅड वर उचलला जाणे किंवा त्याची कळ न दाबली जाणे, तळाचे झाकण सांध्यातून उघडणे, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगणे ही त्याची बाह्य लक्षणे आहेत. केवळ क्षमता कमी होणे ही गैरसोय असते. फुगणे हा मात्र धोका आहे. अशा वेळी यंत्र तत्काळ बंद करून चार्जिंग थांबवले जाते व ते पुन्हा चार्ज केले जात नाही. झाकण दाबून बसवणे, वायू काढण्यासाठी घटाला छिद्र पाडणे किंवा तो पाण्यात टाकून ठेवणे हे सर्व घातक आहे. फुगलेली बॅटरी गोंदाने चिकटवलेली असल्यास ती काढण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करणे योग्य समजले जाते.

घट पेटल्यास विषारी व ज्वलनशील वायू बाहेर पडतात. शक्य असल्यास प्रथम वीजपुरवठा तोडून, खोलीतून सर्वांना बाहेर काढून अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवले जाते. लिथियम-आयन घटाच्या आगीत शेजारच्या घटांना थंड करणे महत्त्वाचे असते आणि त्यासाठी भरपूर पाणी उपयोगी पडते. मात्र उपकरण सॉकेटला जोडलेले असताना पाणी वापरता येत नाही.

हा धोका केवळ स्वस्त किंवा बनावट बॅटऱ्यांपुरता मर्यादित नाही. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीचे घट असलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या. जून २०१९ मध्ये ॲपल कंपनीनेही प्रामुख्याने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकलेल्या काही १५ इंची मॅकबुक प्रो संगणकांच्या बॅटऱ्या बदलून देण्याची मोहीम जाहीर केली. म्हणून बॅटरी विकत घेण्यापूर्वी आपल्या मॉडेलसाठी निर्मात्याची अशी मोफत बदलाची योजना चालू आहे का, हे पाहणे हितावह ठरते.

घरी बॅटरी बदलणे

योग्य बॅटरीची निवड

बॅटरीचा भाग-क्रमांक तिच्यावरच छापलेला असतो. लॅपटॉपचे मॉडेल एकच असले तरी त्यात दोन वेगळ्या आकारांच्या बॅटऱ्या असू शकतात, त्यामुळे मागणी नोंदवण्यापूर्वी झाकण उघडून क्रमांक पाहणे अधिक खात्रीचे असते. दाब आणि जोडणीचा आकार जुळणे आवश्यक असते. भारतात विकल्या जाणाऱ्या सुवाह्य लिथियम बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बंधनकारक असून त्यांच्यासाठी आयएस १६०४६ हे मानक आहे. नोंदणीकृत बॅटरीवर ब्युरोचे चिन्ह व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. बॅटरी न वापरताही वयपरत्वे क्षीण होत असल्याने उत्पादनाची तारीख शक्य तितकी अलीकडची असावी. हमीकाळ शिल्लक असल्यास झाकण उघडण्यापूर्वी हमीच्या अटी पाहिल्या जातात.

तयारी

महत्त्वाच्या माहितीची प्रत अन्यत्र काढून ठेवतात. बॅटरी २५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली उतरू देतात. कमी ऊर्जा साठलेला घट चुकून दुखावला तरी आगीची तीव्रता कमी राहते. त्यानंतर यंत्र केवळ झाकून निद्रावस्थेत न ठेवता पूर्णपणे बंद करून ॲडॉप्टर काढला जातो. काही लॅपटॉपांत बायॉसमधून अंतर्गत बॅटरी तात्पुरती निष्क्रिय करण्याची सोय असते; ती असल्यास वापरली जाते. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर, झाकण उचकटण्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी आणि स्क्रू ठेवण्यासाठी खणांचा डबा एवढी साधने सहसा पुरतात. अंगठी, घड्याळ व बांगड्या काढून ठेवणे आणि स्थितिक वीज घालवण्यासाठी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करणे इष्ट असते.

कृती

१. तळाचे सर्व स्क्रू काढून त्यांच्या जागेनुसार ठेवले जातात. स्क्रूंची लांबी अनेकदा वेगवेगळी असते. लांब स्क्रू चुकीच्या छिद्रात घट्ट केल्यास तो मदरबोर्डला किंवा बॅटरीला भेदू शकतो. काही स्क्रू रबरी पायांखाली किंवा स्टिकरखाली असतात.

२. प्लॅस्टिकची पट्टी सांध्यातून फिरवून झाकण सोडवले जाते. जोर लावावा लागत असेल तर एखादा स्क्रू राहून गेलेला असतो. काही झाकणे आतून पट्टीवायरीने जोडलेली असतात, म्हणून ती हळूच उचलतात.

३. आत गेल्यावर सर्वप्रथम बॅटरीची मदरबोर्डवरील जोडणी काढली जाते. इतर कोणत्याही भागाला हात लावण्याआधी हे होणे आवश्यक आहे. वायर न ओढता जोडणीचा प्लॅस्टिकचा भाग धरून ती सोडवतात.

४. बॅटरीचे स्क्रू काढून ती उचलली जाते. ती चिकटपट्टीने बसवलेली असल्यास पट्टीचे टोक तिरप्या दिशेने सावकाश ओढतात. गोंद घट्ट असल्यास कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब सोडून थोडा वेळ थांबतात व रुंद प्लॅस्टिक पट्टीने ती सोडवतात. धातूचे साधन घटाखाली घालणे आणि बॅटरी वाकवणे कटाक्षाने टाळले जाते.

५. नवी बॅटरी जुनीशी ताडून पाहून बसवली जाते. तिचे स्क्रू लावून सर्वांत शेवटी जोडणी लावतात. आतील वायरी चेपणार नाहीत याची खात्री करून झाकण बसवतात.

६. ॲडॉप्टर जोडून यंत्र चालू केले जाते आणि बॅटरी ओळखली जाते का हे बायॉसमध्ये किंवा अहवालात तपासले जाते. पहिले चार्जिंग देखरेखीखाली केले जाते. असामान्य उष्णता, वास किंवा फुगवटा जाणवल्यास ते ताबडतोब थांबवतात.

नव्या बॅटरीचा टक्केवारीचा आकडा सुरुवातीला चुकू शकतो. एकदा १०० टक्के चार्ज करून, सुमारे १० टक्क्यांपर्यंत वापरून, पुन्हा पूर्ण चार्ज केल्यास संरक्षक मंडलाचा हिशेब जुळतो. ही कृती केवळ मोजमाप सुधारते. तिने झिजलेली क्षमता परत येत नाही.

घरी टाळावयाची कामे

बॅटरीचे आवरण फोडून त्यातील केवळ खराब घट बदलण्याचा प्रयोग काही वेळा केला जातो. घटांना जोडणाऱ्या पट्ट्या ठिपका-वेल्डिंगने बसवलेल्या असतात. तेथे डाख देताना लागणारी उष्णता घटाला इजा करते. जुन्या व नव्या घटांची क्षमता सारखी नसल्याने ते एकत्र वापरल्यास असंतुलन निर्माण होते, आणि वीज तुटताच अनेक संरक्षक मंडले कायमची बंद पडतात. त्याचप्रमाणे, बॅटरी शीतपेटीत ठेवून ‘जिवंत’ करण्याच्या उपायाला रासायनिक आधार नाही. गोठणबिंदूखालील तापमानात चार्ज केल्यास घटात धातुरूप लिथियम साचून धोका वाढतो.

बॅटरीचे आयुष्य

लिथियम-आयन घटाची झीज मुख्यतः उष्णता आणि दीर्घकाळ टिकणारा उच्च दाब यांमुळे होते. ऋणाग्रावर तयार होणारा थर कालांतराने जाड होत जातो व त्यात वापरायोग्य लिथियम अडकून पडते. बहुतांश वेळ ॲडॉप्टरला जोडलेल्या लॅपटॉपची बॅटरी सतत १०० टक्क्यांवर राहते. त्यासाठीच ८० टक्क्यांच्या मर्यादेची सोय उपयुक्त ठरते. प्रवासापूर्वी मात्र पूर्ण चार्ज करण्यास हरकत नसते. काही महिने न वापरायचा लॅपटॉप निम्म्याच्या आसपास चार्ज करून, बंद करून, थंड व कोरड्या जागी ठेवतात आणि अधूनमधून त्याचा चार्ज तपासतात.

विमानप्रवासात सुटी बॅटरी हातसामानातच न्यावी लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सर्वसाधारणपणे परवानगी असून १०० ते १६० वॅट-तासांच्या बॅटऱ्यांसाठी विमान कंपनीची संमती लागते.

विल्हेवाट आणि कायदे

निकामी बॅटरी घरच्या ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत किंवा कचरा डेपोत ती चिरडली गेल्यास आग लागू शकते व तेथे हाताने काम करणाऱ्यांच्या जिवाला धोका निर्माण होतो. टाकण्यापूर्वी तिच्या जोडणीवर विद्युतरोधी टेप लावली जाते. भारतात २२ ऑगस्ट २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी २००१ च्या जुन्या नियमांची जागा घेतली. या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनश्चक्रण वा नूतनीकरण घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकाने त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन करणाऱ्या संस्थेकडे सोपवणे अपेक्षित आहे. अशा बॅटरीतून कोबाल्ट, निकेल, तांबे व लिथियम परत मिळवता येतात.

बॅटरी बदलणे सामान्य वापरकर्त्याला शक्य असावे, ही मागणी ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने जगभर मांडली जाते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी विनियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून सुवाह्य उपकरणांतील बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरकर्त्याला सहज काढता व बदलता येण्याजोग्या असणे बंधनकारक आहे. भारतात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती, सुटे भाग व हमीचे तपशील एकत्र उपलब्ध करून देण्याचा उद्देश आहे.